खिडकीकडचा स्पीकर

३ तारीख, बुधवार

वही मिळाली. मामीच्या कपाटात कोरी पडली होती. पहिल्या पानावर तिनं 'शिवणाची मापं' असं लिहिलंय आणि पुढं एकही माप नाही, म्हणून आता ही माझी. किती दिवस टिकेल सांगता येत नाही. याआधीच्या तीन वह्या सातव्या पानाच्या पुढं गेल्याच नाहीत.

एकोणीस तारखेला सकाळी सहाला व्हॅन सुटते, तोवर मी मामाकडे. व्हॅन आमच्या साऊंडवाल्यांची आहे. नाटक असो, गाणी असोत, कुणाचं भाषण असो, आवाज पुरवत गावोगाव फिरायचं. गेल्या वर्षी मी त्यांच्यात दोन महिने केबली गुंडाळल्या. कॉलेज माझ्या हातून दोनदा सुटलं, बेकरीतलं काम एकदा, पोहण्याचा क्लास पाण्यात न उतरताच. पण केबल गुंडाळताना माझं चित्त जागेवर असतं. का ते विचारू नये.

मामाचं काम ऐकण्याचं. लॉन्ड्रीत, गिरणीत, बर्फाच्या कारखान्यात विजेच्या मोठाल्या मोटारी असतात. मामा चालू मोटारीच्या अंगाला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लावतो, त्याची लाकडी मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "ठीक आहे," किंवा, "मागचं बेअरिंग महिन्याभरात जाणार." मोटार बंद पडल्यावर दुरुस्त करणारे ढीगभर आहेत. आधी सांगणारा हा एकटा. डावा कान पगारी आणि उजवा घरचा, असं तो म्हणतो.

दिवसभर ऐकून आला तरी घरी त्याला पुन्हा ऐकायचंच असतं. बाहेरच्या खोलीत भिंतीशी दोन स्पीकर आहेत, एक खिडकीकडे, एक दाराकडे. त्यांच्याकडे तोंड करून मधोमध त्याची वेताची खुर्ची. खुर्चीत बसलं की खिडकी डाव्या हाताला, दार उजव्या. खुर्चीच्या चार पायांच्या जागा फरशीवर रंगानं आखल्यात. झाडताना खुर्ची बोटभर सरकली तर मामीचं काही खरं नसतं.

आज चहाच्या वेळी म्हणाला, "भिंगरी, खिडकीकडचा स्पीकर मेलाय." (भिंगरी म्हणजे मी. कारण सांगायला नको.)

मी जाऊन कान लावला. ठणठणीत. "वाजतोय की, मामा."

"वाजतोय. पण मेलाय. गाणारी बाई तीच आहे, तिचे दात गेलेत. तू केबलवाली ना? वायर बघ जरा."

वायर बघितली. वायरीसारखीच होती.

५ तारीख, शुक्रवार

औषधवाले आले होते. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान त्यांचं आणि मामाबरोबर ऐकायला बसणारे ते एकटेच. येताना स्वतःच्या घरची केबल काढून आणली होती, मामाला वापरून बघायला. झाडांना पाणी घालायच्या नळीइतकी जाड. वर बाण छापलेले.

"हे बाण कशाला?"

"वीज त्या दिशेनं गेली पाहिजे."

"आणि उलटी लावली तर?"

"तर आवाज जरा संकोचतो," औषधवाले म्हणाले. तोंडावरची रेषही हलली नाही.

मी म्हणाले, "काका, वीज वायरीतून नुसती जात नाही, परतही येते. परत येताना काय बाणांची माफी मागत येते?" मामानं माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप केबल जोडायला घेतली.

एवढ्यावर भागलं नाही. केबल फरशीला टेकता कामा नये. मामीच्या दोऱ्याची रिकामी रिळं मांडून तिला वरून नेली, एखादी म्हातारी हात धरून न्यावी तशी. मामी कपबश्या घेऊन आली आणि तिसऱ्या रिळाला अडखळली. कपबश्या वाचल्या. ती फक्त "हं" म्हणाली. मामीच्या "हं"मध्ये बरंच मावतं.

मामा अख्खं गाणं डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "दाराकडचा उजळलाय. खिडकीकडचा तसाच."

"माझ्याकडेही नवीच आहे ती. पन्नास तास वाजू द्या, सैलावेल," औषधवाले म्हणाले.

वायर म्हणजे नवा बूट आहे का? बुटावरून आठवलं, माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून उघडलाय. चालताना बेडकासारखा तोंड उघडतो. व्हॅन यायच्या आत शिवून घेतला पाहिजे.

६ तारीख, शनिवार

साऊंडवाल्यांकडे मी एवढं नक्की शिकलेय की तांब्याची तार, पुरेशी जाड, चार-पाच हात अंतर, सांधे घट्ट, मग कुठलीही लावा. लांबवर बारीक तार नेली तर आवाज दमतो, ते वेगळं. या खोलीत कुठलं आलंय लांबवर?

म्हणून मामा कामावर गेल्यावर गंमत केली. जाड केबल दिसायला तशीच ठेवली आणि तिच्यामागून मोडक्या टेबललॅम्पची साधी वायर दोन्ही स्पीकरना जोडली. मामा आला, हातपाय धुतले, गाणं लावलं. दुसऱ्या ओळीला म्हणाला, "आज आवाजाचं पोट गेलंय."

मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. पोट गेलंय म्हणे! जाडी केबल दिसत होती आणि तरीही पोट गेलं?

मग माझाच विचार अडकला. जाडी केबल दिसत होती तर त्यानं कौतुक करायला हवं होतं. मागं जाऊन बघितलं तर एका स्पीकरला लाल-काळं मी उलटं जोडलेलं. म्हणजे एक स्पीकर हवा पुढं ढकलणार तेव्हा दुसरा मागं ओढणार आणि खालचे जाड आवाज आपसात मारामारी करून संपणार. पोट खरोखरच गेलं होतं. वायर कुठली आहे यानं फरक पडत नाही, पण कशी जोडलीय यानं पडतो, आणि मामाला ते दुसऱ्या ओळीला कळलं.

वायर सरळ केली. "आलं पोट," मामा तिकडून म्हणाला. "खिडकीकडचे दात काही आले नाहीत."

त्याला कळतं, हाच ताप आहे. काहीच कळत नसतं तर मी केव्हाच कान झाकून घेतले असते.

८ तारीख, सोमवार

आजचा दिवस कुणाला तरी परत द्यावासा वाटतो.

सकाळी खिडकीची वायर दाराला आणि दाराची खिडकीला लावली. मामा म्हणतो, खिडकीकडचाच मेलाय. मग स्पीकरच उचलून इकडचा तिकडे केला. एकेक असा जड की माझ्या पाठीनं हात टेकले. मामा म्हणतो, खिडकीकडचाच मेलाय. म्हणजे जो परवापर्यंत जिवंत होता तो खिडकीजवळ गेल्या गेल्या मेला! मी म्हणाले, "मामा, तू आधी ठरवून मग ऐकतोस." तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा म्हणाले नाही. एकदा बोलायचं धाडस पुरतं, दोनदा नाही.

दुपारी बूट शिवायला गेले आणि वाटेत एक माणूस छत्र्या दुरुस्त करत होता, त्याच्याजवळ तासभर थांबले. छत्रीच्या काड्या तो चिमट्यानं नाही, दातांनी वाकवतो. बूट राहिलाच. परत आले तर दार आतून बंद. मामी बाहेर गेलेली. मी बेल वाजवली, वाजवत राहिले. पेपरची पानं उलटल्याचं मला बाहेर ऐकू येत होतं आणि हा माणूस उठेना. शेवटी दारावर बुक्के घातले तेव्हा उघडलं. "बेल वाजवायला काय होतं?" वर हे! सकाळचं बोललेलं मनात धरून बसला असणार. इतका मनाला लावून घेणारा असेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी लॉन्ड्रीवाल्या बाई आल्या. मामानं आठ दिवसांपूर्वी ठीक म्हणून सांगितलेली मोटार जाम झाली. हॉस्पिटलच्या चादरी ओल्याच पडल्यात. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "मेस्त्री, तुमचं कधी चुकत नाही, म्हणून विचारायला आले." मामा म्हणाला, ग्रीसमध्ये भेसळ असणार. बाई गेल्यावर बराच वेळ तो स्क्रूड्रायव्हर पुसत बसला. स्वच्छच होता.

११ तारीख, गुरुवार

ॲम्प्लिफायर रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेला. मांडीवर बाळ घ्यावं तसा बसमध्ये धरून. त्यानं दोन्ही बाजू मोजल्या आणि म्हणाला, "जुळी पोरं आहेत. सारखी. कुणी पाठवलं तुला?" मामाचं नाव सांगितल्यावर म्हणाला, "अरे बापरे, त्यांना ऐकू येतंय म्हणजे काहीतरी असणार, पण माझ्या मीटरला दिसत नाही." बघा. मीटरपेक्षा मामावर विश्वास.

मग उरली खिडकी. काच थरथरत असेल म्हणून खिडकीला दोन गाद्या लावल्या. खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागला. मामी आत आली, गाद्यांकडे बघितलं, "हं" म्हणाली आणि गेली. खिडकीकडचा मेलेलाच.

मामीचंही काहीतरी चाललंय. जेवताना मी मामाच्या उजवीकडे बसले की मला उठवते आणि स्वतः तिथं बसते. "तू तिकडे सरक." दर वेळी! लहानपणी ती जागा माझी होती. मी दुसऱ्या बाजूनं काही विचारलं की मामा उत्तरच देत नाही, भात कालवत राहतो. या घरात मी नकोशी झालेय का? तसं असेल तर सांगा बाबांनो, व्हॅन आठ दिवसांवर आलीये.

बर्फाच्या कारखान्यानं सतरा तारखेला बोलावलंय, सगळ्या मोटारी ऐकायला. मामा एकटाच जाणार म्हणे. मागं मी बर्फाच्या लादीत गोठलेलं एक पान बघितलं होतं, अगदी हिरवं. बर्फात ते हिरवं कसं राहतं?

१४ तारीख, रविवार

आज सोक्षमोक्ष लावला.

औषधवाले आणि मामा दोघांनाही म्हणाले, आता परीक्षा. डोळ्यांनी बघायचं नाही. मामाची खुर्ची मी उलटी फिरवली, स्पीकरकडे पाठ. चार खुणा मोडल्या म्हणून तो कुरकुरला, पण बसला. औषधवाले बाजूला, पेन आणि कागद घेऊन. मी मागं स्पीकरशी. "पाच गाणी. दर गाण्याआधी मी वायरी बदलणार, किंवा नाही बदलणार. तू फक्त सांगायचं."

आणि मी काहीच बदललं नाही. पाचही वेळा मागं नुसती खुडबुड केली, टेप फाडल्यासारखा आवाज केला, "झालं" म्हणाले.

पहिल्याच गाण्याला मामा ताठ झाला. "अरे! खिडकीकडचा उठला! दात आले!" इतकं खूष झालेलं मी त्याला या खेपेस बघितलंच नव्हतं. "पण आता दाराकडचा गेला. भिंगरी, तू चांगली वायर तिकडून काढून इकडे लावलीस. बरोबर?"

पाचही वेळा तेच. खिडकीकडचा जिवंत, दाराकडचा मेलेला. औषधवाले मान डोलवत लिहीत होते, "केबलचा गुण, केबलचा गुण."

मग मी पुढं येऊन सांगितलं. मोठ्यानं, दोघांसमोर, नाट्यमय हात करून. "काही बदललं नाही! एक सांधासुद्धा नाही! दहा दिवस जो मेला होता तो आज नुसता जिवंत कसा झाला? सगळं तुझ्या मनात आहे, मामा!"

औषधवाले हसले. हसता हसता गप्प झाले, कारण मामा हसत नव्हता. तो उठला. खुर्ची फिरवून पुन्हा खुणांवर ठेवली, बसला, अर्धं कडवं ऐकलं. उठला, खुर्ची उलटी केली, बसला, अर्धं कडवं ऐकलं. मग गाणं बंद केलं. स्वयंपाकघरात किटलीची शिट्टी वाजत होती. औषधवाल्यांनी तिकडे बघितलं, मी बघितलं. मामा समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

मामी आतून म्हणाली, "झालं का तुमचं समाधान?" मला वाटलं मामाला विचारतेय. तिची नजर माझ्यावर होती.

मी जिंकले. पण घरात कुणी जेवलं नाही धड.

१५ तारीख, सोमवार

मामा माझ्याशी न बोलता कामावर गेला. मी व्हॅनवाल्यांना सगळा किस्सा लिहून पाठवायला बसले, हसतील म्हणून. नीट मांडला. वायरी बदलल्या, खिडकी. स्पीकर बदलले, खिडकी. ॲम्प्लिफायर मोजला, ठीक. खिडकी झाकली, खिडकीच. मग मामाला फिरवलं, दार.

ही ओळ लिहिली आणि पेन तिथंच थांबलं.

सगळं बदलून बघितलं होतं. बदललं नव्हतं ते एकच, आणि ते खुर्चीत बसलं होतं. उलटा बसल्यावर त्याचा डावा कान दाराकडे गेला.

बेल. किटली. जेवताना उजवी बाजू. लॉन्ड्रीची मोटार. सगळं मी माझ्याच हातानं या वहीत लिहिलंय आणि मलाच दिसलं नाही. मामा मनाला लावून घेतो म्हणे! मी नकोशी झालेय म्हणे!

मामी कपडे वाळत घालत होती. मी जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "कळलं वाटतं."

"कधीपासून?"

"दीड वर्ष. डावा जवळजवळ गेलाय. उजव्यातलेही बारीक आवाज जायला लागलेत. मी डॉक्टरकडे चला म्हणाले, तर म्हणाले खिडकीकडची वायर खराब आहे."

"मग तू मला आधी का नाही सांगितलंस? दहा दिवस मी गाढवासारखे स्पीकर वाहतेय!"

"अगं, वायर बदलता येते ना," मामी म्हणाली. तोंडात चिमटा होता, तो काढून शर्टाला लावला. "तेवढ्यासाठी वाहू दिले तुला."

मी परवाच्या बर्फाच्या कारखान्याचं विचारलं. ती म्हणाली, तिथं बेअरिंग जाम झालं तर पट्टा तुटतो आणि पट्ट्याच्या रेषेतच दोन माणसं उभी राहून लाद्या ओढतात. मागं एकदा, मामाच्या आधीच्या मेस्त्रीच्या वेळी, तुटला होता. तिनं पुढचा शर्ट झटकला.

"मग जाऊ नको म्हण त्याला."

"म्हणाले. तू म्हणून बघ."

मामा आल्यावर म्हणाले. मामा म्हणाला, "कानाचं माझं मी बघीन. कालचा तमाशा पुरे झाला तुझा." बरोबरच आहे. हे मी कालच दोघांसमोर न ओरडता, एकट्याला विचारलं असतं तर? पण मला ना, टाळ्या हव्या होत्या.

१७ तारीख, बुधवार

पिशवी उचलायला येते म्हणून मागं लागले. तो नको म्हणाला, मी बसमध्ये चढले.

कारखान्यात आत इतका गारठा की फोरमनच्या मिशा ओल्या. पाच मोटारी. मामानं पहिल्या चार ऐकल्या, ठीक आहे म्हणाला. पाचवी सर्वांत मोठी, कॉम्प्रेसरची. तिचा पट्टा सळसळत पलीकडे जात होता आणि पलीकडे खरंच दोन माणसं आकड्यांनी लाद्या ओढत होती. एकानं दुसऱ्याची टोपी ढकलली, तो हसला.

मामानं टोक लावलं, मूठ डाव्या कानाला. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. डोळे मिटलेले, पण कपाळ मिटलेलं नव्हतं. फोरमन म्हणाला, "काय मेस्त्री? ठीक ना?"

मामानं तोंड उघडलं आणि मी मध्ये पडले. "मामा, मला शिकव ना. एकदाच. तू म्हणाला होतास बर्फाच्या कारखान्यात शिकवीन म्हणून." असं तो कधीच म्हणाला नव्हता.

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हाकलतो. मग मूठ माझ्या कानाला दिली आणि टोक स्वतः धरलं. "बोल. काय येतंय?"

"घूं घूं. जाड. आगबोटीत झोपल्यासारखं. मी एकदा आगबोटीत..."

"आगबोट राहू दे. जाडाच्या वर काय?"

वर काहीतरी होतं. फार बारीक. "काचेवर कुणी वाळू ओढतंय असं."

"सलग की तुटक?"

"तुटक. येतं, जातं. येतं, जातं."

"फेऱ्यागणिक?" त्यानं माझ्या खांद्यावर बोटानं ठेका धरला, मोटारीच्या फेऱ्याचा. त्याला तो हातातून कळत होता, टोकातून. मी ऐकलं. ठेका आणि वाळू बरोबर एकावर एक पडत होती.

"हो. दर फेऱ्याला एकदा."

मामानं स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. फोरमनला म्हणाला, "बंद करा. मागचं बेअरिंग. आजच." मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात देत, "आधीच्या चार पण पुन्हा ऐकायच्यात. हिला ऐकायच्यात."

फोरमननं खटका ओढला. मोटार थांबली, पट्टा थांबला, ती दोन माणसं आकडे टेकून आमच्याकडे बघायला लागली. बाकीच्या चार मी ऐकल्या. तिसरीत मला मांजर ऐकू आलं. मामा म्हणाला मांजर चालतं, वाळू चालत नाही.

दुपारी बेअरिंग उघडलं. आतली एक गोळी सोललेली होती. मामानं ती रुमालात बांधून घेतली. बसमध्ये माझ्या डावीकडे बसला, म्हणजे मी त्याच्या उजवीकडे. म्हणाला, "लॉन्ड्रीच्या बाईंकडे जायला पाहिजे. ग्रीसचं खोटं बोललो." आणि उतरताना, "कानाच्या डॉक्टरचं मामीला विचार, कुठल्या वारी असतो. मी विचारलं तर ती 'हं' म्हणेल."

१८ तारीख, गुरुवार

औषधवाले सकाळीच नवीन केबल घेऊन हजर. ही चपटी आहे. मी म्हणणार होते काहीतरी, पण मामाच म्हणाला, "लावा. मला विचारू नका, हिला विचारा." औषधवाल्यांनी मला विचारलं. मी म्हणाले काही फरक नाही. ते म्हणाले तुझे कान अजून कोवळे आहेत. आता ह्यांच्याशी किती वर्षं भांडायचं आहे देव जाणे.

मामानं खुर्चीच्या जुन्या खुणा घासून काढल्या आणि खुर्ची आडवी लावली, उजवा कान स्पीकरकडे. आता दोन्ही स्पीकर त्याला एकाच बाजूनं येतात आणि तोंड येतं कोचाकडे, जिथं मामी शिवण घेऊन बसते. वीस वर्षं ती तिथंच बसते, पण तो स्पीकरकडे बघायचा.

पहिलंच गाणं चालू होतं. मामी म्हणाली, "काय टक लावून बघताय?"

"बघतोय कुठं, ऐकतोय."

"हं," मामी म्हणाली. हा वेगळा होता, आधीच्या कुठल्याच 'हं'सारखा नाही.

खिडकीकडच्या स्पीकरची वायर आता खरोखरच सुटलीये. चपटी केबल लावताना मीच सैल ठेवली असणार. मला कळतंय, मामाला कळलं नाही, औषधवाल्यांना तर नाहीच. लगेच उठून लावणार होते, पण दोघं बसलेत, मध्ये कशाला जा.

व्हॅन उद्या सहाला. वायर उद्या दहाला लावीन, मामा सकाळचा फिरून आला की, त्याला दाखवत. बूट अजून शिवायचाच आहे.